पोच आलीच नाही तर? सिंक्रोनस रेप्लिकेशन अडतं तेव्हा डेटाबेस काय करतो

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी डेरिव्हेटिव्हजची मासिक एक्स्पायरी, म्हणजे शेअर बाजारात लगबगीचा दिवस. सकाळी ११:४० च्या सुमारास एनएसईवरचे सौदे थांबले. आता सुरू होईल, मग सुरू होईल म्हणत लोक स्क्रीनसमोर बसून राहिले. साडेतीनची बाजार बंद व्हायची वेळही टळली. अखेर ३:४५ ला बाजार पुन्हा उघडला आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवला गेला.

कारण पुढे एनएसईनंच सांगितलं. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मुख्य केंद्र आणि कुर्ल्यातलं जवळचं राखीव केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. वाटेत रस्त्याचं खोदकाम चालू होतं आणि दोन्ही कंपन्यांच्या लाइन डळमळल्या. इथपर्यंत मुंबईकराला नवल वाटावं असं काही नाही. नवल पुढे आहे. बिघडली ती राखीव केंद्राकडे जाणारी लाइन. तरीही मुख्य केंद्रातलीच साठवणीची यंत्रणा, जिला सॅन म्हणतात, प्रतिसाद देईनाशी झाली. तिच्यावर विसंबलेली जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली, आणि जोखीम तपासल्याशिवाय सौदे चालू ठेवता येत नाहीत. लाइन गेली तरी सॅननं चालू राहायला हवं होतं, पण ती तशी वागली नाही, असं एनएसईचं म्हणणं.

स्टेपनीतली हवा गेली म्हणून चालती गाडी थांबावी, तसा हा प्रकार.

तिथे नक्कल होत होती ती सॅनच्या पातळीवर, डेटाबेसच्या नव्हे. पण प्रश्न तोच, आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो. सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणजे काय ते एका वाक्यात सांगता येतं: दुसऱ्या ठिकाणी नक्कल उतरल्याची पोच येईपर्यंत गिऱ्हाइकाला ‘झालं’ म्हणायचं नाही. वाक्य सोपं आहे, कारण ते सगळं सुरळीत असलेल्या दिवसाचं आहे. पोच आलीच नाही तर काय करायचं, हे त्यात कुठेच नाही. माझ्या मते या विषयातलं समजून घेण्यासारखं जे काही आहे, ते त्या न लिहिलेल्या अर्ध्या वाक्यात आहे.

कीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरायचा. वेळेच्या क्रमानं, एकाखाली एक. मग सवडीनं त्याच नोंदी खातेवार खतावणीत चढायच्या. खतावणी खराब झाली तर कीर्दीवरून पुन्हा तयार करता येते. कीर्दच गेली तर मात्र कपाळाला हात.

डेटाबेस असाच चालतो. आपण ज्याला टेबल म्हणतो ती खतावणी. तिच्यात बदल करण्याआधी डेटाबेस एका लॉगमध्ये ओळ लिहितो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये या लॉगला वॉल म्हणतात, मायएसक्यूएल नावाचा दुसरा डेटाबेस नक्कल पाठवण्यासाठी बिनलॉग वापरतो. आपण त्याला कीर्दच म्हणू. ‘कमिट झालं’ याचा अर्थ कीर्दीतली ओळ डिस्कवर पक्की झाली. खतावणी नंतर होत राहते, वीज गेली तर कीर्द वाचून पुन्हा होते.

रेप्लिकेशन म्हणजे ही कीर्द दुसऱ्या पेढीवरच्या कारकुनाला फोनवरून सतत वाचून दाखवणं. मुख्य पेढी म्हणजे प्रायमरी, दुसरी पेढी म्हणजे स्टँडबाय. असिंक्रोनस तऱ्हेत मुनीम वाचत सुटतो, तिकडे ऐकलं की नाही याची वाट बघत नाही. सिंक्रोनस तऱ्हेत प्रत्येक कमिटच्या ओळीपाशी थांबतो आणि तिकडून ‘हं’ आल्यावरच समोरच्या गिऱ्हाइकाला ‘झालं तुमचं काम’ म्हणतो.

आता हा ‘हं’ नेमका कशाचा? इथे पोस्टग्रेस चोखंदळ आहे. ‘ऐकलं, कच्च्या कागदावर टिपलं’ हा एक हं. म्हणजे ओळ तिकडच्या मशीनच्या मेमरीत पोचली, डिस्कवर अजून नाही. याचं नाव रिमोट राइट. ‘शाईनं वहीत उतरवलं’ हा दुसरा, तिकडच्या डिस्कवर पक्की झाल्याचा. नेहमीची सेटिंग हीच. आणि २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून तिसरा आला, रिमोट अप्लाय: ‘खतावणीतसुद्धा चढवलं’, म्हणजे आता कुणी तिकडे जाऊन शिल्लक विचारली तर नवीनच आकडा दिसेल. तिघांत वाट बघण्याची वेळ वाढत जाते. दुसऱ्या ‘हं’वर समाधानी असणाऱ्या ठिकाणी एक गोष्ट हमखास लोकांना चकवते. पैसे भरले, ‘झालं’ असं उत्तर आलं, आणि लगेच स्टँडबायवरून वाचलं तर जुनीच शिल्लक. बिघाड काही नाही. वहीत आहे, खतावणीत अजून चढायचंय.

अंतराचा हिशेबही इथेच उरकून घेऊ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर धरा; जाऊन-येऊन १० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले, आणि केबल कधी सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक कमिटला इतका वेळ दिला तर गर्दीच्या वेळी रांग लागते. म्हणून पोचेची वाट बघायची ती जवळच्या केंद्राची, आणि दूरच्या शहरातल्या केंद्राला असिंक्रोनस नक्कल, अशी रचना सर्रास दिसते. बीकेसीला कुर्ला लागतं ते यासाठी.

शांततेचे दोन अर्थ

समजा मुनीमानं ओळ वाचली. रमेशच्या खात्यातून सुरेशच्या खात्यात ५०० रुपये. तिकडून काहीच आवाज नाही.

याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, ओळ तिकडे पोचलीच नाही. दोन, ओळ पोचली, वहीत लिहिलीही गेली, पण ‘हं’ परत येताना लाइन गेली. इकडे बसलेल्याला दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. तिकडचा कारकून मेलाय, चहाला गेलाय की जिवंत असून नुसता हळू आहे, हेही त्या शांततेवरून कळत नाही.

नवख्याचा पहिला प्रश्न असतो: मग सोपं आहे की, पोच आली नाही तर व्यवहार रद्द करा, रोलबॅक! गंमत अशी की रद्द करायचं तर तेही तिकडे कळवावं लागणार, आणि कळवायची लाइन तीच, जी आत्ता गेली आहे. तिकडे ओळ लिहिली गेली असेल आणि इकडे आपण खोडली, तर दोन वह्या कायमच्या वेगळ्या झाल्या. बरं, ‘तुझा हं मला मिळाला’ असं मुनीमानं उलट कळवायचं ठरवलं तर तो निरोप तिकडे पोचला का, याची पुन्हा पोच हवी. त्या पोचेची पोच हवी. ही साखळी कुठेच संपत नाही. बेभरवशाच्या वाटेवरून निरोप पाठवून दोघांना एकाच गोष्टीची शंभर टक्के खात्री कधीच होऊ शकत नाही, हे संगणकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. डेटाबेसच्या दुनियेतले मोठे नाव जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये या कोड्याला दोन सेनापतींचं कोडं असं नाव दिलं, आणि तेव्हापासून ते त्याच नावानं ओळखलं जातं.

म्हणजे चांगला डेटाबेस आणि वाईट डेटाबेस यांच्यातला फरक असा नाही की एकाला उत्तर कळतं आणि दुसऱ्याला नाही. उत्तर कुणालाच कळत नाही. फरक एवढाच की न कळलेल्या अवस्थेत कोण कसं वागतं.

पोस्टग्रेस: वाट बघेन, मरेपर्यंत

पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस रेप्लिकेशन २०११ साली ९.१ आवृत्तीत आलं. त्याचा क्रम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी आपल्या कीर्दीत ओळ लिहून डिस्कवर पक्की करायची. मग स्टँडबायच्या पोचेची वाट बघायची. तोवर ती ओळ इतरांना दिसू द्यायची नाही, तिनं धरलेली कुलुपं सोडायची नाहीत. आणि वाट किती वेळ बघायची? मर्यादाच नाही. टाइमआउट नावाची गोष्ट इथे मुद्दाम ठेवलेली नाही.

याचा अर्थ कागदावर वाचणं वेगळं आणि रात्री अनुभवणं वेगळं. एका ठिकाणी, नाव नको, मी हे पाहिलंय. प्रायमरी एक, स्टँडबाय एक, आणि सिंक्रोनस स्टँडबायच्या यादीत तेवढं एकच नाव. दुसऱ्या टीमनं पॅच लावायला स्टँडबाय खाली घेतला. पाच मिनिटांत फोन सुरू. बघतो तर सीपीयू निवांत, डिस्क निवांत, लॉगमध्ये एकही एरर नाही. डॅशबोर्ड हिरवागार. फक्त एकही कमिट पूर्ण होत नव्हतं. प्रत्येक अडकलेलं कमिट एकेक कनेक्शन धरून बसलं, कनेक्शनचा ठरावीक साठा (पूल) संपला, आणि ज्यांना फक्त वाचायचं होतं त्यांनाही आत यायला जागा उरली नाही. अडकलेली सेशन्स कशाची वाट बघताहेत ते विचारलं की पोस्टग्रेस ‘सिंकरेप’ असं एका शब्दात सांगतं. पण ते विचारायचं सुचायला हवं ना.

कुणाला तरी सुचलं ते वेगळंच: रीस्टार्ट. आणि चमत्कार, अडकलेले व्यवहार सुटले! सगळ्यांनी हुश्श केलं. मला मात्र तेव्हा घाम फुटला. कारण ते सुटले म्हणजे काय झालं? त्यांच्या ओळी प्रायमरीच्या कीर्दीत आधीच पक्क्या होत्या. रीस्टार्टनंतर पोस्टग्रेसनं कीर्द वाचली, ओळी दिसल्या, त्या पूर्ण झालेल्या धरल्या. स्टँडबायची पोच आली नव्हती, आता कुणी मागणारही नव्हतं. त्या घटकेला त्या व्यवहारांची जगात एकच प्रत होती, ज्यासाठी एवढा सिंक्रोनसचा खटाटोप केला त्याच्या नेमकं उलट. त्या तासाभरात प्रायमरीची डिस्क गेली नाही, म्हणून निभावलं.

कंटाळून कंट्रोल-सी दाबणाऱ्याचंही असंच. पोस्टग्रेस वाट बघणं सोडतो आणि एक सूचना देतो, तिचा आशय असा: वाट बघणं थांबवलं आहे, व्यवहार इथे कमिट झालेला आहे, स्टँडबायवर मात्र कदाचित पोचला नसेल. ही सूचना आहे, एरर नव्हे. माणूस समोर असेल तर वाचेल. प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरनं, म्हणजे त्याच्या वतीनं डेटाबेसशी बोलणाऱ्या भागानं, वेळ संपली म्हणून रद्द करायची विनंती पाठवली असेल, तर त्याला कमिट यशस्वी झाल्याचंच उत्तर मिळतं, आणि इशारे वाचणारा प्रोग्रॅम मी तरी फारसा पाहिलेला नाही. आता ती ओळ सगळ्यांना दिसू लागते. कुणी ती बघून माल रवाना करतो. मग प्रायमरी बसते, स्टँडबायला गादीवर बसवतात, आणि त्या वहीत ती ओळच नसते.

मग त्या रात्री करायला काय हवं होतं? सिंक्रोनस स्टँडबायची यादी रिकामी करून सेटिंग पुन्हा वाचायला लावायची. अडकलेले सगळे तेव्हाही सुटतात, प्रत तेव्हाही एकच असते. पण हा निर्णय कुणीतरी डोळे उघडे ठेवून घेतलेला असतो, त्याची वेळ लिहिलेली असते, आणि स्टँडबाय परत येईपर्यंत जीव टांगणीला लागलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. रीस्टार्टमध्ये तोच निर्णय कुणाच्याही नकळत होऊन जातो.

एक हिशेबही बघा, म्हणजे एकाच स्टँडबायवर सिंक्रोनस करणं किती धाडसाचं ते कळेल. एकेक सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू असतो असं धरू. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. लिहिण्यासाठी दोघेही चालू हवेत, तर दोघे एकाच वेळी चालू असण्याचं प्रमाण ९९.८ टक्क्यांवर येतं आणि बंद तास होतात साडेसतरा. डेटा सुरक्षित करायला दुसरा सर्व्हर घेतला आणि सेवा दुप्पट वेळ बंद राहू लागली.

कोरमअभावी तहकूब

मायएसक्यूएलचा स्वभाव उलट. २०१० च्या ५.५ आवृत्तीत तिथे सेमी-सिंक्रोनस नावाची तऱ्हा आली. तीही पोचेची वाट बघते, पण ठरावीक वेळच. मूळ सेटिंग १०,००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद. तेवढ्यात पोच आली नाही तर ती गुपचूप असिंक्रोनस होते आणि कामाला लागते. स्टँडबाय परत येऊन बरोबरीला आला की पुन्हा सेमी-सिंक्रोनस.

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आठवा. ‘कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही.’ मायएसक्यूएलनं हे वाक्य जसंच्या तसं उचललंय म्हणा ना. फक्त अर्ध्या तासाऐवजी १० सेकंद. यात वाईट काही नाही, सोसायटीची कामं अशीच होतात. पण कोरम होता की नव्हता हे इतिवृत्तात कुणी तपासत नाही, तसंच इथेही होतं. आपण सिंक्रोनस आहोत असं समजून लोक महिनोन्महिने चालतात आणि एका नेटवर्कच्या कुरबुरीनंतर यंत्रणा बराच काळ असिंक्रोनस होती, हे फेलओव्हरच्या, म्हणजे प्रायमरी जाऊन स्टँडबायला गादीवर बसवण्याच्या, दिवशी कळतं. ती बदलल्याची नोंद एरर लॉगमध्ये असते, स्टेटसमध्ये दिसते. अलार्म लावणं मात्र आपलं काम.

सेमी-सिंकच्या सुरुवातीच्या रूपात आणखी एक फट होती. आधी स्वतःकडे कमिट पूर्ण करायचं, मग पोचेची वाट बघायची. पण वाट बघत असतानाच बाकीच्यांना ती ओळ दिसायची. गिऱ्हाइकाला ‘झालं’ सांगितलेलं नाही आणि शेजारच्याला शिल्लक वाढलेली दिसतेय! तेवढ्यात प्रायमरी गेली तर शेजाऱ्यानं भूत पाहिल्यासारखं. २०१५ च्या ५.७ आवृत्तीत क्रम बदलला: बिनलॉगमध्ये ओळ पक्की, मग पोच, मग कमिट.

ऑरॅकल हा तिसरा डेटाबेस हा निर्णय सरळ मालकावरच सोपवतो. डेटा गार्ड या त्याच्या नक्कल ठेवण्याच्या सोयीत तीन पर्याय. मॅक्झिमम परफॉर्मन्स म्हणजे पोचेची वाट बघायची नाही. मॅक्झिमम अव्हेलेबिलिटी म्हणजे बघायची, पण स्टँडबाय गेला तर अडून बसायचं नाही. आणि मॅक्झिमम प्रोटेक्शन म्हणजे एकाही स्टँडबायवर लिहिता येईना तर प्रायमरीनं स्वतःच बंद व्हायचं. दुकान बंद राहिलं तरी चालेल, पण दुसरी प्रत नसलेली एकही नोंद नको. नावं थोडी जाहिरातबाज आहेत, पण निदान पर्याय निवडणाऱ्याला आपण काय निवडतोय ते कळतं.

दोन पुरत नाहीत

या कोंडीतून खरी वाट निघते ती तिसरा सर्व्हर आल्यावर. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून असं सांगता येतं: दोन स्टँडबाय आहेत, त्यांपैकी कोणाही एकाची पोच आली की पुरे. एक पॅचिंगला गेला तरी काम अडत नाही.

पण आता प्रायमरी गेली तर गादीवर कोण? पोच कुणी दिली होती ते प्रत्येक ओळीगणिक वेगळं असू शकतं. कीर्द क्रमानं लिहिली जाते ही जुनी शिस्त इथे उपयोगी पडते. ज्याची कीर्द पुढे गेली आहे त्याच्याकडे मागचं सगळं आहेच. दोघांच्या वह्या उघडून शेवटची ओळ बघायची, पुढे असेल त्याला बसवायचं. ‘झालं’ म्हणून सांगितलेली एकही ओळ हरवत नाही. आता समजा प्रायमरीबरोबर एक स्टँडबायही गेला. उरलेल्याच्या वहीत सगळं आहे का? असेलही. नसेलही. मेलेल्याच्या वहीत एक ओळ जास्त होती का हे विचारायला तो हयात नाही. इथे शहाण्या यंत्रणेनं आपोआप कुणालाही गादीवर बसवता कामा नये. माणसाला उठवावं.

आणि मग सगळ्यात नाजूक प्रसंग: कुणीच मेलेलं नाही, फक्त मधली लाइन तुटली आहे. स्टँडबायला वाटतं प्रायमरी गेली, मी प्रायमरी होतो. जुनी प्रायमरी जिवंतच असते आणि तिच्या बाजूची गिऱ्हाइकं घेतच असते. एका पेढीच्या दोन कीर्दी, दोन्ही आपल्या परीनं खऱ्या. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात.

गिटहब, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट. तिचं २०१८ चं उदाहरण या जातीचं. २१ ऑक्टोबरला, आपल्याकडे २२ तारखेची पहाट, ४:२२ वाजता, बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलण्याच्या नेहमीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. आपोआप फेलओव्हर करणाऱ्या यंत्रणेनं तेवढ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या मायएसक्यूएलला प्रायमरी केलं. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. आता मागे फिरावं तर पश्चिमेच्या जातात, पुढे जावं तर पूर्वेच्या. गिटहबनं साइट रखडली तरी चालेल, पण डेटा जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. ४३ सेकंदांच्या त्या खंडानं २४ तास ११ मिनिटं खाल्ली. त्यांच्या सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरपैकी (डेटाबेस सर्व्हरच्या गटांपैकी) एकात अशा अधांतरी नोंदी होत्या ९५४.

स्प्लिट ब्रेनवर उपाय म्हणजे तिजोरीची किल्ली एकच ठेवणं. पोस्टग्रेससाठी पॅट्रोनी नावाचं साधन लोकप्रिय आहे, ते हेच करतं. किल्ली ठेवलेली असते एटसीडीसारख्या छोट्या साठ्यात, आणि तो साठा स्वतः तीन किंवा पाच सर्व्हरच्या बहुमतानं चालतो. बहुमत कसं जुळवायचं त्याची तिथली रीत राफ्ट, डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली. किल्ली कायमची मिळत नाही, भाड्यानं मिळते. मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांची. प्रायमरीनं मुदत संपायच्या आत ती नव्यानं घेत राहायची. नाही घेता आली, तर आपल्याशी कोण बोलत नाही याची चौकशी करत बसायचं नाही, मुकाट्यानं लिहिणं थांबवायचं. बाकीच्यांनीही मुदत संपेपर्यंत धीर धरायचा. सिंक्रोनस मोडमध्ये पॅट्रोनी त्याच साठ्यात आणखी एक चिठ्ठी ठेवतं: सध्या कोणत्या स्टँडबायकडे सगळं आहे. वारस व्हायचा हक्क त्या चिठ्ठीतल्यालाच. स्टँडबाय गेला म्हणून त्याची वाट बघणं सोडायचं असेल, तर आधी चिठ्ठीतून त्याचं नाव खोडायचं, मगच पुढे लिहायचं. क्रम उलटा झाला तर मधल्या फटीत प्रायमरी गेल्यावर अर्धवट वहीवाला गादीवर बसतो. अशा यंत्रणांची अर्धी अक्कल क्रमातच असते.

राहिली जुनी प्रायमरी. ती दुरुस्त होऊन परत येते तेव्हा तिच्या कीर्दीच्या शेवटी दोन-चार ओळी अशा असतात ज्या नव्या प्रायमरीनं कधी पाहिल्याच नाहीत. लिहिल्या होत्या, पोच आली नव्हती, तेवढ्यात वीज गेली. गिऱ्हाइकाला ‘झालं’ सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्या टाकून द्यायला हरकत नाही. पण टाकायलाच हव्यात. तशाच ठेवून तिला स्टँडबाय केलं तर वह्या जुळणार नाहीत. पोस्टग्रेसमध्ये यासाठी पीजी-रिवाइंड आहे. वह्या जिथे वेगळ्या झाल्या त्या ओळीपर्यंत तो मागे जातो आणि पुढचं नव्या प्रायमरीकडून उतरवून घेतो. पूर्वी सगळा डेटाबेस नव्यानं कॉपी करावा लागायचा.

आणि रमेशचं काय?

इतका वेळ आपण पेढीच्या आतल्या बाजूनं बोललो. खिडकीसमोर रमेश उभा आहे. त्यानं ५०० रुपये पाठवले आणि तेवढ्यात प्रायमरी बसली. त्याला ना ‘झालं’ मिळालं ना ‘नाही झालं’. कनेक्शन तुटलं. ओळ स्टँडबायच्या वहीत पोचली असेल तर नव्या प्रायमरीत व्यवहार आहे, पोचली नसेल तर नाही. सिंक्रोनस रेप्लिकेशनचं वचन एवढंच होतं की ‘झालं’ म्हटलेलं हरवणार नाही. न म्हटलेलं झालेलं नसेल, असं वचन कुणी दिलंच नव्हतं.

म्हणून ॲप लिहिणाऱ्यानं कनेक्शन तुटणं म्हणजे व्यवहार फसणं असं धरून पुन्हा ५०० पाठवले, तर सुरेशला हजार मिळू शकतात. यावरचा उपाय डेटाबेसच्या बाहेर, जुन्या पेढीवरच्या पावती क्रमांकासारखा आहे. प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्यानंच आधी एक क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक. वहीत तो आधीच असेल तर डेटाबेस दुसरी ओळ घेत नाही, पहिलीचाच निकाल सांगतो. मग कितीही वेळा विचारा.

यूपीआयवर पैसे पाठवताना कधी कधी ना हिरवी खूण येते ना लाल, नुसतं ‘प्रलंबित’ असं दिसत राहतं. तिथे मध्ये दोन बँका आणि यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय असतात, डेटाबेसच्या दोन प्रती नव्हे. शांतता मात्र तीच. पलीकडून पोच आलेली नाही, आणि ॲपला खरंच माहीत नाही. भाजीवाला हात पुढे करून उभा असतो, मागच्या माणसाला घाई असते, आपण स्क्रीन त्याच्याकडे वळवून म्हणतो, ‘गेलेत बघा.’ तो त्याच्या स्पीकरकडे कान लावून म्हणतो, ‘आवाज नाही आला अजून.’